विजेता आधीच ठरलेला असतो म्हणे!

गेले पंधरा दिवस एक मजकूर फिरतोय. मला तो चार गटांवर आला: शाळेच्या, देवळाच्या, नाट्यमंडळाच्या आणि सासुरवाडीच्या. ‘गोंयकारांनो, मतं घालून वेळ दवडू नका. रिॲलिटी शोचा विजेता पहिल्या भागाआधीच ठरलेला असतो,’ अशी सुरुवात, खाली पाच ‘पुरावे’ आणि शेवटी हात जोडल्याची तीन चित्रं. आमच्या वहिनीने तो वाचून मतदानाचं ॲपच काढून टाकलं. आदल्या आठवड्यात हीच वहिनी घरातल्या सगळ्यांचे फोन गोळा करून एका पोरीला मतं देत होती.

मी टीव्हीतला माणूस नव्हे. फोंड्याकडच्या एका गावात आमची भजन स्पर्धा होते, तिथे परीक्षकांची गुणपत्रकं गोळा करून बेरीज करणं हे माझं काम. त्यामुळे स्पर्धा आतून कशी चालते याचा थोडाफार अंदाज आहे. त्या पाच पुराव्यांपैकी एक अर्धा बरोबर आहे, बाकीचे चुकीचे. आणि चुकीचे असण्यापेक्षा मला जास्त खटकतं ते हे, की खरी पक्षपाताची जागा ते झाकून टाकतात.

पुरावा पहिला: ‘परदेशात हे सिद्ध झालंय.’

कुठे, कधी, काही लिहिलेलं नाही. मीच सांगतो. अमेरिकेत 1956 साली ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या प्रश्नमंजूषेत हर्बर्ट स्टेम्पेल हा गडी जिंकत चालला होता. निर्मात्यांना त्याच्या जागी चार्ल्स व्हॅन डोरेन हा देखणा प्राध्यापक हवा होता. ऑस्कर कुठल्या चित्रपटाला मिळालं, या प्रश्नाला स्टेम्पेलला मुद्दाम चुकायला लावलं. चित्रपट त्याच्या आवडीचा, नाव जिभेवर, तरी चुकला. 1959 मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सगळं कबूल केलं आणि 1960 साली अशी हेराफेरी गुन्हा ठरवणारा कायदा झाला.

दुसरं उदाहरण दक्षिण कोरियाचं, 2019 चं. ‘प्रोड्यूस एक्स 101’ या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मतांवर अकरा मुलांचा गायकवृंद निवडायचा होता. अंतिम फेरीचे आकडे पडद्यावर आले आणि चाहत्यांनी कागद-पेन्सिल घेतली. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक 29,978 मतं. तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक 29,978. सहाव्या-सातव्यातला तोच, सातव्या-आठव्यातला तोच, दहाव्या-अकराव्यातलाही तोच. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की सगळ्यांचीच मतं साधारण 7,494 या एकाच आकड्याच्या पटीत बसतात. प्रकरण पोलिसांत गेलं, निर्माता पकडला गेला आणि 2020 मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

तर हो, लबाडी झालेली आहे. पण एका दुकानदाराचं वजन हलकं निघालं म्हणून म्हापशाच्या बाजारातले सगळे तराजू खोटे ठरत नाहीत. ‘सगळे शो फिक्स’ म्हणणाऱ्याला प्रत्येक शोचं काही तरी दाखवावं लागेल. या मजकुरात एकाचंही दाखवलेलं नाही.

पुरावा दुसरा: ‘मतांचे आकडे दाखवत नाहीत, म्हणजे ते खोटेच.’

अर्धा बरोबर म्हणालो तो हा. आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत कोणाला किती मतं पडली ते प्रेक्षकाला कळत नाही. सूत्रसंचालक पाकीट उघडतो, मध्ये जाहिरात येते, परत येऊन नाव सांगतो, संपलं. हे वाईट आहे. पण दडवलेला आकडा आणि खोटा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी. कोरियात आकडे दाखवले होते आणि तेच खोटे निघाले. दाखवले होते म्हणूनच पकडले गेले, नाहीतर आजही कोणाला पत्ता लागला नसता. तेव्हा मागणी करायची तर ‘प्रत्येक फेरीचे आकडे जाहीर करा’ अशी करा. ‘मत घालू नका’ म्हटल्याने आकडे कसे बाहेर येणार?

आमच्याकडे भजनाच्या निकालानंतर गुणपत्रकं फळ्यावर लावतात. लावल्यावर भांडणं होतात ती वेगळी. एकदा माझी बेरीज एका गुणाने चुकली होती, ती एका पखवाजवाल्याने फळ्यासमोर उभं राहून बोटांवर मोजून काढली. लाज वाटली, पण निकाल सुधारला.

पुरावा तिसरा: ‘भांडखोर, लोकांना नकोसा झालेला माणूस आठवड्यामागून आठवडे टिकतो. चॅनेलच त्याला वाचवतं.’

हा मुद्दा ऐकायला सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात चुकीचा. जरा हिशेब करू.

समजा बिग बॉससारख्या खेळात घरातले सहा जण नॉमिनेट झालेत, म्हणजे बाहेर जाण्याच्या यादीत आलेत, आणि बघणारे शंभर आहेत. सहांतला एक भांडखोर. तीस जणांना तो जीव की प्राण, उरलेल्या सत्तर जणांना तो डोळ्यांसमोर नको. आपल्या बिग बॉस मराठीत मत देतात ते वाचवण्यासाठी. भांडखोराला त्याची तीस मतं पडतात. उरलेली सत्तर बाकीच्या पाच जणांत वाटली जातात, प्रत्येकी चौदाच्या आसपास. भांडखोर सगळ्यांत सुरक्षित. कोणी काही केलं नाही, एक मतही इकडचं तिकडे झालं नाही.

आता फक्त प्रश्न उलटा करा. ‘कोणाला वाचवायचं?’ऐवजी ‘कोणाला बाहेर काढायचं?’ तेच शंभर लोक, तेच सहा जण. सत्तर मतं भांडखोराविरुद्ध पडतात आणि तो पहिल्याच आठवड्यात बॅग उचलतो. ब्रिटनमध्ये 2000 साली हाच खेळ ‘बिग ब्रदर’ नावाने सुरू झाला तेव्हा मत असं काढण्यासाठीच असायचं. अशा पद्धतीत कोणाच्याच डोळ्यांवर न येणारा, मवाळ, चहा करून देणारा माणूस शेवटपर्यंत जातो. वाचवण्याच्या मतात ज्याच्यावर काहींचा जीव आहे तो टिकतो, मग बाकीच्यांना तो विषासारखा का वाटेना.

म्हणजे निर्मात्याला कोणाला वाचवायची गरजच उरत नाही. एका ओळीचा नियम त्याचं काम करतो, तोही उघडपणे, दर आठवड्याला पडद्यावर लिहून. कटकारस्थान शोधायला आपण पडद्यामागे जातो आणि पडद्यावरची ओळ वाचत नाही. माझी सगळी तक्रार खरं तर एवढीच आहे.

असे नियम आणखी आहेत. वाइल्ड कार्डने मध्येच आलेला खेळाडू घरी बसून सगळे भाग बघून येतो. आतल्यांना मात्र बाहेर काय दिसतंय ते ठाऊक नसतं. गाण्याच्या कार्यक्रमात आपल्याला दिसतात त्या परीक्षकांसमोर जाण्याआधीच उमेदवारांच्या चाळण्या झालेल्या असतात, आणि त्या चाळण्या कोणी, कशाच्या आधारावर लावल्या ते आपल्याला कोणी सांगत नाही. एकाच्या वाट्याला घरची गरिबी, आईचे डोळे, गावची वाट असा सहा मिनिटांचा तुकडा येतो. दुसऱ्याला थेट मंचावर उभं करतात. मतं त्या सहा मिनिटांना पडतात आणि आपल्याला वाटतं गाण्याला पडली. (परीक्षक रडतात ते खोटं की खरं, यावर मजकुरात तीन ओळी आहेत. रडोत बापडे. त्यांच्या रडण्याने कोणी बाद होत नाही.)

पुरावा चौथा: ‘गोवा एवढासा. आपला माणूस कधी जिंकूच शकत नाही, म्हणून मतदान हे नाटक.’

2007 चं इंडियन आयडॉल आठवा. अंतिम फेरीत दोघे: दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसांतला शिपाई, आणि मेघालयातला, शिलाँगचा अमित पॉल. मुंबई नाही, दिल्ली नाही. दार्जिलिंग जिल्ह्याची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत साधारण 16 लाख होती, गोव्याची 13 लाखांहून थोडी जास्त. फार अंतर नाही. तरी तमांग जिंकला. डोंगरातल्या लोकांनी वर्गणी काढली, मतं पाठवायला केंद्रं थाटली आणि बाहेरच्या गोरखा समाजाचीही साथ मिळाली. डोकी किती, हा प्रश्नच नव्हता. एका डोक्यामागे मतं किती, हा होता.

आणि इथेच नियमाची गोम आहे. एका माणसाला हवी तितकी मतं देता आली की लहान जागेचा, पण पेटून उठलेला समाज मोठ्या राज्याला मागे टाकतो. त्याच नियमाने ज्याच्या पाठीशी पैसा आहे तोही बाकीच्यांना मागे टाकतो. एका क्रमांकाला एकच मत असा नियम केला तर पैशाचा जोर कमी होईल, पण मग अकरा कोटींहून मोठ्या महाराष्ट्रासमोर गोव्याचं खरंच काही चालणार नाही. लहान राज्याच्या माणसाने कुठला नियम मागायचा? मला विचाराल तर प्रत्येक भागाला, म्हणजे कोकण, विदर्भ, मराठवाडा, गोवा अशा सगळ्यांना, ठरावीक गुण वाटायला द्यावेत आणि स्वतःच्या भागातल्या गायकाला ते देता येऊ नयेत. युरोपात युरोव्हिजनच्या गाण्याच्या स्पर्धेत देश स्वतःच्या गाण्याला मत देऊ शकत नाहीत, ते याच कारणासाठी. तिथे शेजारी शेजाऱ्याला गुण देतो ही ओरड आहेच. असू दे. सावंतवाडीने आमच्या पोराला गुण दिले तर मी तरी ओरडणार नाही.

पुरावा पाचवा, खरं तर उपाय: ‘मतदान बंद करा, निकाल जाणकार परीक्षकांवर सोडा. आपल्या भजन स्पर्धा बघा, तिथे कसं सगळं स्वच्छ!’

कौतुकाबद्दल आभारी आहे. पण मी त्या टेबलाशी बसतो.

देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी चिठ्ठ्या काढतात. पथकाचा बुवा डब्यात हात घालतो, चिठ्ठी उघडतो आणि ‘एक’ आकडा दिसला की त्याचा चेहरा उतरतो. बाकीची पथकं पाठ थोपटून त्याचं सांत्वन करतात, मनातून सुटलो म्हणत. कारण सगळ्यांना माहीत आहे. एकदा पहिलं पथक फार सुंदर गायलं. अभंग बांधेसूद, गौळण तर अंगावर काटा आणणारी. पत्रक हातात आलं तेव्हा सुराला दहापैकी सात, तालाला सात, साथसंगतीला सात. मी नुसतं बघितलं. परीक्षक वयाने मोठे, गाण्यातले अधिकारी माणूस. म्हणाले, ‘बाबा, पुढे चौदा पथकं आहेत. यापेक्षा चांगलं कोणी आलं तर जागा ठेवायला नको?’ रात्री अडीच वाजता बाराव्या पथकाला त्यांनी साडेआठ दिले. ते पथक पहिल्याहून सरस होतं का? माझ्या कानाला नाही वाटलं. पण तोवर पहिलं पथक टेम्पोत बसून घरी गेलं होतं.

त्या परीक्षकांनी कोणाचे पैसे घेतले नव्हते, कोणी त्यांचा पाहुणा नव्हता. आणि हे फक्त आमच्याच मंडपात होतं असं नाही. बेल्जियममध्ये क्वीन एलिझाबेथ ही जगातली फार मानाची संगीत स्पर्धा होते. अंतिम फेरीत बारा वादक, रोज दोघे, सहा दिवस, क्रम चिठ्ठ्या टाकून. तिथले जुने निकाल अभ्यासकांनी तपासले तेव्हा पहिल्या दिवशी वाजवणारे मागे पडलेले दिसले. एक कारण असं सुचवलं गेलं की त्या फेरीसाठी एक नवी रचना खास लिहून घेतात. ती परीक्षकांनाही नवीन असते, आणि ऐकून ऐकून त्यांच्या कानाला रुळेपर्यंत पहिल्या दिवसाचे दोघे वाजवून गेलेले असतात. चिठ्ठी निःपक्ष होती. परीक्षक जाणकार होते. तरीही.

तज्ज्ञांऐवजी स्वतः खेळलेल्यांना परीक्षक करावं म्हटलं तर तेही बघून झालंय. अमेरिकेत 2000 साली ‘सर्व्हायव्हर’ या बेटावर टिकून राहण्याच्या रिॲलिटी शोच्या पहिल्या हंगामात बाद झालेल्या सात खेळाडूंनी विजेता निवडला. बक्षीस दहा लाख डॉलर. त्यातल्या एकाने दोघा अंतिम स्पर्धकांना विचारलं, एक ते दहामधला आकडा सांगा. एक म्हणाली तीन, दुसरा म्हणाला सात. त्याच्या मनात नऊ होता. सात जवळचा, म्हणून मत त्याला. निकाल लागला चार विरुद्ध तीन. नियम एकही मोडला नव्हता.

वहिनीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग ॲप परत घेऊ की नको? घे म्हटलं, पण त्यांना आकडे विचार.

यंदा आमच्या समितीत मी एक सुचवलं आणि बरंच बोलणं खाऊन ते मान्य झालं: पहिल्या चिठ्ठीआधी गावातल्या शाळकरी मुलांचं भजन स्पर्धेबाहेर ठेवायचं. परीक्षकांनी त्यांना गुण द्यायचे, गुणांची आपली मोजपट्टी ठरवायची आणि ती पत्रकं बाजूला ठेवायची. शिवाय दर पाच पथकांनंतर चहा, आणि आधीचे गुण बदलायची एक संधी. मुलं जोरात गायली, एकाची झांज हातातून निसटून थेट खजिनदारांच्या पायाशी गेली. मग डबा फिरला. मांद्र्याकडच्या बुवांनी चिठ्ठी उघडली, ‘एक’ निघाला. मी त्यांना म्हटलं, घाबरू नका, यंदा नियम बदललाय. त्यांनी मान हलवली. चेहरा उतरला तो उतरलाच.