सैंधवाने थायरॉइड बरा होत नाही

कोल्हापुरात भिशीच्या, बचत गटांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: आयोडीनचं मीठ ही कंपन्यांची चाल, त्यानेच घरोघरी थायरॉइड आला, आज्या खडे मीठ खाऊन ठणठणीत होत्या, म्हणून बायकांनी सैंधव खावं, त्यात नैसर्गिक आयोडीन असतं. जिला दिवस गेलेत किंवा जाऊ शकतात, तिला हा सल्ला घातक आहे.

सैंधवातलं आयोडीन नगण्य असतं. साध्या खडे मिठातलंही. ते मुद्दाम मिसळावं लागतं. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस सैंधवावर काढले तरी निरोगी बाईचं बिघडत नाही, कारण थायरॉइड ग्रंथीत साठा असतो. पण वर्षभर आमटीत सैंधव आणि चटणी-लोणच्यात खडे मीठ असेल, तर आयोडीन येणार कुठून? कोकणासारखी रोज मासळी आपल्या ताटात नसते, आणि मटणाच्या रश्श्यातून ते फारसं मिळत नाही.

"आज्यांना काय झालं?" गळ्याची गाठ तेवढी डोळ्यांना दिसते. पोट पडणं, मूल मृत जन्मणं, मूल बुद्धीने मागे राहणं यांमागे आयोडीनची कमतरता असू शकते, हे तेव्हा घरात कोण सांगणार होतं? गर्भाची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते. तोवर मेंदूची घडण आयोडीनपासून बनणाऱ्या आईच्या थायरॉइड हार्मोनवरच चालते, आणि दिवस गेल्याचं कळेपर्यंत त्यातले कित्येक आठवडे सरलेले असतात. म्हणून साठा आधीपासूनच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एरवी रोज 150 मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदरपणी आणि अंगावर पाजताना 250 लागतं.

कंपन्यांची चाल म्हणावी, तर 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात संशोधक डॉ. व्ही. रामलिंगस्वामींनी काय केलं ते पाहा. काही गावांना आयोडीनचं मीठ दिलं, काहींना साधं. आयोडीनवाल्या गावांत काही वर्षांतच गलगंड घटला. 1962 मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ब्रँडेड मिठाची पाकिटं गावोगावी पोचलीही नव्हती.

थायरॉइड वाढल्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारू नये. अति आयोडीन ग्रंथीला मानवत नाही, आणि काही देशांत मिठात आयोडीन आल्यावर थायरॉइडचे काही विकार थोडे वाढलेही. पण प्रमाण बघा: दुकानातल्या मिठात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. त्या हिशोबाने दिवसाच्या 5 ग्रॅम मिठातून 75 मायक्रोग्रॅम मिळतं. गरोदर बाईला हे अपुरंच आहे, अति कुठलं?

पण अपुरं आहे म्हणून मीठ वाढवू नका, रक्तदाब चढेल. उकळलेलं दूध, दही, अंडी रोज घ्या. लोणच्यालाही आयोडीनयुक्त मीठ चालतं. मिठाची बरणी झाकून, शेगडीपासून लांब ठेवा. आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर मेसेज वाचून ती सोडू नका. दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांकडे जाऊन टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या, कारण गरोदरपणी बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो.