बेबंदशाही नको, नालायकशाही म्हणा

तुमच्याकडच्या एका लेखात इंग्रजी ‘काकिस्टोक्रसी’ला, म्हणजे नालायकांच्या राज्याला, ‘बेबंदशाही’ हा मराठी प्रतिशब्द सुचवलाय, तो पटला नाही. ग्रीक ‘काकिस्टोस’ म्हणजे सर्वांत वाईट, ‘क्रातोस’ म्हणजे सत्ता. इंग्रजीत हा शब्द १६४४ मधल्या एका प्रवचनात सापडतो, इंग्लंडात यादवी युद्ध पेटलेलं असताना. म्हणजे राज्य आहे, पण नालायकांच्या हातात. बेबंदशाहीत राज्याचा धाकच उरत नाही. ‘बेबंद’मधला ‘बंद’ ‘बंदोबस्ता’तलाच, फारसी, बांधून ठेवणारा.

ही बेबंदशाही आमच्या खानदेशाने भोगलीय. १८०२ मध्ये होळकर-शिंद्यांच्या भांडणात मुलूख लुटला गेला, १८०३-०४ च्या दुष्काळात गावंच्या गावं ओस पडली, मग पेंढारी आले. किल्ल्या-गढ्यांत अरब शिपाई ठाण मांडून बसले. मालेगावच्या अरबांनी १८१८ मध्ये इंग्रजांनाही झुंजवलं. रयतेने दाद मागायची कोणाकडे?

आज तसं नाही. कचेरी आहे, शिक्के आहेत, पाणीपट्टीची नोटीस वेळेवर येते आणि नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी. याला बेबंदशाही म्हटलं की कारभारी सुटतात, जणू तिथे कोणी बसलेलंच नव्हतं. बसलेले आहेत, आणि आपणच मतं देऊन बसवलेत. म्हणून ‘नालायकशाही’च लिहा, कानाला कितीही खटकली तरी.