४०७ म्हणजे चुकलेला पासवर्ड नव्हे

आयटीवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतोय: 'प्रॉक्सीवर लॉगिन रेंगाळतंय आणि लॉगमध्ये ४०७ चा ढीग दिसतोय? लोकांचे पासवर्ड चुकतायत, ते तपासण्यातच स्क्विडचा वेळ जातोय. हेल्पर दुप्पट करा. तरी जमलं नाही तर लॉगिन न मागता आयपी पाहून मोकळं सोडा.' (स्क्विड म्हणजे ऑफिसचं इंटरनेट ज्यातून जातं तो प्रॉक्सी, आणि हेल्पर म्हणजे त्याच्यासाठी लॉगिन तपासणारे छोटे प्रोग्राम.)

आधी ते ४०७, म्हणजे 'ओळख दाखवा' हे प्रॉक्सीचं उत्तर. ब्राउझर पहिल्या विनंतीबरोबर ओळख पाठवतच नाही. प्रॉक्सीने ४०७ देऊन विचारली की मग पाठवतो. एनटीएलएम या विंडोजच्या जुन्या लॉगिन पद्धतीत हे दोनदा घडतं. म्हणून प्रत्येक नव्या कनेक्शनला दोन ४०७ आणि मग २०० (म्हणजे काम झालं), हा धडधाकट प्रॉक्सीचा लॉग झाला. केर्बेरॉस या तिकिटावर चालणाऱ्या लॉगिन पद्धतीत एकच ४०७ पुरतो. दोनांनंतरही २०० येत नसेल, तर पासवर्डकडे बघा.

'तपासण्यात वेळ जातोय' हे कशावरून ठरवलं? स्क्विडच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये दुसरा रकाना मिलिसेकंदांचा असतो, तो वाचा. पहिल्याच ४०७ ला ५००० च्या आसपास आकडा असेल, तर ओळख अजून कोणी दाखवलेलीही नाही, मग पासवर्ड कुठून आला? बहुतेक वेळा लॉगिनच्या नियमाआधी डेस्टिनेशन आयपी बघणारा नियम लिहिलेला असतो. त्यासाठी स्क्विड डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारतो, पहिला डीएनएस सर्व्हर गप्प बसतो आणि ५ सेकंदांनी पुन्हा विचारणा होते. (कनेक्ट, म्हणजे https साइटसाठी टनेल उघडणारी विनंती, तिच्या २०० ओळीवरचा आकडा मात्र सोडून द्या. तो टनेल बंद होईपर्यंतचा असतो. कोणी टॅब उघडा ठेवून जेवायला गेलं तरी फुगतो.)

आता हेल्पर. कॅश लॉगमध्ये सगळे हेल्पर व्यस्त असल्याचा इशारा आला असेल, तर हेल्पर कमी पडतायत एवढं खरं. पण ते कशात अडकलेत? एनटीएलएममध्ये प्रॉक्सी स्वतः काहीच तपासू शकत नाही, दर वेळी डोमेन कंट्रोलरला, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरला, विचारावं लागतं. हेल्पर विनबाइंडमार्फत (लिनक्सला डोमेनशी जोडणारी सांबाची सेवा) जात असतील, तर विनबाइंड एका डोमेनकडे मुळात एकच कनेक्शन उघडतो. अशा वेळी वीसचे चाळीस हेल्पर केलेत, तर त्याच दारापुढे चाळीस जण उभे राहतील. वाढवायची ती विनबाइंडची कनेक्शनची मर्यादा. त्याहून बरं म्हणजे केर्बेरॉसवर जाणं: तिकीट क्लायंट आणतो, प्रॉक्सी ते आपल्या कीटॅबने, म्हणजे किल्ली ठेवलेल्या फाइलने, जागच्या जागी तपासतो.

आयपीवरून मोकळं सोडलं की वेग येतो, हे कबूल. लॉगमधून वापरकर्त्याचं नावही जातं, आणि उद्या 'हे कोणी डाउनलोड केलं' असं विचारलं की हाती फक्त आयपी उरतो. शिवाय मूळ दुखणं डीएनएसचं असेल तर वेगही येत नाही.

मी एका ठिकाणी हेच 'मोकळं सोडणं' उलगडायला बसलो होतो. केर्बेरॉस नीट बसवलेलं, कीटॅब बरोबर, घड्याळं जुळलेली, तरी प्रत्येक कनेक्शनला दोन ४०७. क्लायंटवर के-लिस्ट (जवळची तिकिटं दाखवणारी कमांड) चालवलं तर प्रॉक्सीचं तिकीटच नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचं नाव नव्हतं, आयपी टाकलेला होता. आयपीच्या नावाने तिकीट मिळेना, म्हणून ब्राउझर मुकाट्याने एनटीएलएमवर उतरत होता. तिथे पूर्ण नाव टाकलं आणि दुसरा ४०७ लॉगमधून गेला. हेल्परचा आकडा होता तोच ठेवला.