पेटंट घेतलं की कंपन्या रांग लावतात?

संशोधकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. शोध अस्सल असेल तर तो आपोआप जगाच्या बाजारात पोचतो. आधी निबंध छापा, नाव कमवा, पेटंट सवडीने घ्या, मग कंपन्या दारात रांग लावतील. आणि तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयं (म्हणजे संस्थेतले शोध कंपन्यांपर्यंत पोचवणारी), सल्लागार वगैरे सगळे मधल्या मध्ये टक्का खाणारे दलाल, असा त्याचा मथितार्थ. त्यामागचा राग मला समजतो. पण हा सल्ला ऐकून एखाद्या तरुण संशोधकाने पाऊल उचललं तर त्याचं भरून न येणारं नुकसान होईल, म्हणून हे लिहितोय.

‘कंपन्या रांग लावतील’

२२ ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत चेस्टर कार्लसन आणि त्यांचे मदतनीस ऑटो कॉर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी कापडाने घासून भारित केली. तारीख आणि ठिकाण लिहिलेली काच तिच्यावर धरून प्रकाश पाडला, लायकोपोडियम या वनस्पतीची पूड भुरभुरली आणि जादा पूड फुंकून टाकली. अक्षरं उमटली. ती मेणकागदावर उतरवून घेतली. झेरॉक्सचा जन्म तो हा.

कार्लसन पेटंटच्याच कामात मुरलेले होते. १९४२ मध्ये पेटंट त्यांच्या हातात पडलं. तरी आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक आणि आरसीए धरून वीसहून जास्त कंपन्यांनी त्यांना नकार दिला. त्या कंपन्यांना अक्कल नव्हती असं मी म्हणणार नाही. त्यांना दिसत होते ते कागदावरचे पुसट डाग. यंत्र कुठेच नव्हतं.

ते यंत्र शक्य झालं मधल्या माणसांमुळे. १९४४ मध्ये बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या ना-नफा संशोधन संस्थेने उत्पन्नातल्या वाट्याच्या बदल्यात हे काम अंगावर घेतलं. तिथे गंधकाच्या जागी सेलेनियम आलं, हाताने घासण्याऐवजी उच्च विद्युतदाबाच्या तारेने भार द्यायची सोय झाली, पूड सुधारली. १९४७ मध्ये फोटोचा कागद बनवणाऱ्या हॅलॉइड या लहान कंपनीने परवाना घेतला, आणि ‘९१४’ नावाचं झेरॉक्स यंत्र बाजारात आलं १९५९ मध्ये. म्हणजे २१ वर्षांनी! बॅटेलने वाटा घेतला, हे खरंच. पण कार्लसनही त्यातूनच गडगंज झाले, आणि पुढे त्यांनी बराचसा पैसा दान केला.

‘पेटंट मिळालं की काम फत्ते’

अमेरिकेत तेव्हा पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं होती. १९४२ मध्ये १७ मिळवा. मूळ पेटंट संपलं ते ९१४ बाहेर पडलं त्याच वर्षी. धंदा टिकला तो वाटेत केलेल्या सुधारणांवरच्या पुढच्या पेटंटांमुळे.

शिवाय ‘जागतिक पेटंट’ अशी काही चीजच नाही. पीसीटी या पेटंटविषयक आंतरराष्ट्रीय करारात एक आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो, पण त्याने मिळतो तो वेळ. पहिल्या अर्जापासून साधारण ३० महिन्यांत देश निवडावे लागतात, आणि मग प्रत्येक ठिकाणची फी, वकील, भाषांतर वेगळं. कुठल्या देशात गिऱ्हाईक आहे, कुठे नक्कल होईल, हे प्रयोगशाळेत बसून कळत नाही.

‘आधी छापा, पेटंट नंतर’

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी डीएनए जोडण्याच्या तंत्रावरचा निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये छापला. पेटंट घ्यावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या परवाना कार्यालयातले नील्स राइमर्स मागे लागले म्हणून नोव्हेंबर १९७४ मध्ये, छापल्यानंतरही अर्ज करायला अमेरिकेत मिळणारी एक वर्षाची सवलत संपायला जेमतेम आठवडा उरला असताना, अर्ज गेला. अमेरिकेतले हक्क वाचले. बाहेरच्या देशांतले मात्र गेले, कारण बहुतेक ठिकाणी शोध आधीच जाहीर झाला असेल तर पेटंट मिळत नाही.

‘सगळे दलाल’

राइमर्सच्या कार्यालयाने पुढे काय केलं तेही बघा. हे तंत्र प्रत्येक प्रयोगशाळेला लागणार हे ओळखून त्यांनी ते एकाच कंपनीला विकलं नाही; वर्षाला दहा हजार डॉलर अशा सुरुवातीच्या दराने मागेल त्याला परवाना दिला. शेकडो कंपन्यांनी तो घेतला आणि एकूण उत्पन्न २५ कोटी डॉलरच्या वर गेलं. उलट, ज्या औषधाच्या चाचण्यांतच वर्षानुवर्षं पैसा ओतावा लागतो, त्याला एकाधिकार मिळाल्याशिवाय सहसा कोणी हात लावत नाही. हा निवाडा करणं ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती येणाऱ्या माणसाला मोबदला मिळायलाच हवा.

‘प्रयोगशाळेत चाललं, म्हणजे तयार’

पेनिसिलिन फ्लेमिंगना दिसलं १९२८ मध्ये. १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या पहिल्या रुग्णाला उतार पडत होता, पण औषध संपलं आणि तो दगावला. भरपूर उत्पादन साधलं ते अमेरिकेतल्या पिओरियाच्या शेतकी प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चचं टाकाऊ पाणी वापरून, आणि मग कारखान्यांतल्या मोठ्या टाक्यांत.

यात खरं काय आहे?

लुबाडणारे आहेतच. ‘तुमचा शोध जगभर विकून देतो’ म्हणत आगाऊ रक्कम उकळणाऱ्या संस्थांचा अमेरिकेत इतका सुळसुळाट झाला की १९९९ मध्ये कायदा करावा लागला. करार करण्याआधी अशा संस्थेने लेखी सांगायचं : गेल्या पाच वर्षांत किती शोध तपासले, त्यांतले किती नाकारले आणि किती ग्राहकांना निव्वळ नफा झाला. तुम्ही कुठल्याही देशात असा, सही करण्याआधी हे आकडे लेखी मागा. जो शंभरातले शंभर शोध उत्तम ठरवतो, त्याला पैसे देऊ नका.