साडेचार इंचांची भिंत आणि ट्रेसी चॅपमन

गेले काही दिवस रील्समध्ये पुन्हा 'फास्ट कार' वाजतंय. कोणीतरी घाटात गाडी चालवतंय, बाहेर पाऊस, आणि मागे अमेरिकन गायिका ट्रेसी चॅपमनचा तो आवाज. दर वेळी तेवढाच तुकडा, ड्रम्स येतात तिथला. मला दर वेळी वाटतं, अहो, पुढचं ऐका ना. हे भटकंतीचं गाणं नाही. आणि पुढचं म्हणजे या गाण्याचं पुढचंच नव्हे, अल्बममधली पुढची दोन गाणीही. त्यांच्याशिवाय 'फास्ट कार' अर्धंच कळतं असं माझं ठाम मत आहे. पोस्ट मोठी झाली आहे, सवडीने वाचा.

अल्बमचं नाव तिचंच, 'ट्रेसी चॅपमन'. एप्रिल १९८८ मध्ये आला तेव्हा ती २४ वर्षांची होती. ओहायोतल्या क्लीव्हलंडची, स्कॉलरशिपवर बोर्डिंग शाळेत शिकलेली, टफ्ट्स विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकताना हार्वर्ड स्क्वेअरच्या फुटपाथवर गिटार घेऊन गाणारी मुलगी. ११ जून १९८८ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता. दुपारी तिचं गाऊन झालं होतं. संध्याकाळी स्टीव्ही वंडरच्या वाद्याची हार्ड डिस्क सापडेना, त्याला आयत्या वेळी स्टेजवर जाता येईना, आणि ती पोकळी भरायला हिला पुन्हा पाठवलं. एकटी, एक गिटार, समोर भरलेलं स्टेडियम. जगभरच्या टीव्हीवर लोकांनी तिला पाहिलं ते तेव्हा. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ती आपल्याकडेही गायली, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये, ॲम्नेस्टीच्या मानवी हक्कांच्या जगदौऱ्यात. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गेब्रिएल आणि युसू न्दूर यांच्याबरोबर.

हे सगळं मला फार नंतर कळलं. १९९० मध्ये मी सोळा वर्षांची होते. आम्ही ठाण्यात लोकमान्य नगरला चाळीत राहायचो. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत. मामेभावाने दुबईहून टेपरेकॉर्डर आणला, त्याच्याबरोबर चार-पाच कॅसेट, त्यातली ही एक. कव्हरवर खाली मान घातलेली एक मुलगी, तपकिरी रंगात. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे डिक्शनरी मांडीवर घेऊन, पॉज दाबत दाबत मी हा अल्बम ऐकला. एका गाण्याला एकेक आठवडा लागला. आज वाटतं, त्या संथपणामुळेच तो अंगात मुरला.

पहिलं गाणं 'टॉकिन बाउट अ रिव्होल्यूशन'. नावात क्रांती आहे, पण ऐका, ती ओरडत नाही. गाण्यात ती म्हणते तेच की ही क्रांती कुजबुजीसारखी ऐकू येते, मदतीच्या आणि बेकारभत्त्याच्या रांगांत उभ्या असलेल्या लोकांची कुजबुज. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. माझ्या लहानपणी शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा. मग एकेका कंपनीला टाळं लागायला लागलं. गेटपाशी, चहाच्या टपरीवर, आमच्या गॅलरीत बाबा आणि त्यांचे मित्र बोलायचे ते असंच, हळू आवाजात. हिशेब कधी मिळणार, केस कुठवर आली. मला त्या गाण्यातला कुजबुजीचा शब्द डिक्शनरीशिवाय कळला.

दुसरं 'फास्ट कार'. गिटारची ती छोटीशी सुरावट पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत तीच राहते. गोष्ट बदलते, गिटार बदलत नाही. आई घर सोडून गेली, बाप दारू पितो, त्याला सांभाळायला मुलगी शाळा सोडते. कोणाकडे तरी गाडी आहे, त्यात बसून दोघं गाव सोडतात. तिला दुकानात कॅशवर काम मिळतं, त्याला मिळत नाही. मोठं घर घेऊ, उपनगरात राहू, अशी स्वप्नं. मग ड्रम्स येतात, आणि त्या क्षणी ती आठवतेय तो वेग, त्याचा खांद्यावरचा हात, आपण कोणीतरी आहोत ही भावना. रील तिथे संपतं. गाणं संपत नाही. शेवटच्या कडव्यात तो रात्री उशिरापर्यंत बारमध्ये असतो, मुलांपेक्षा मित्रांना जास्त भेटतो. ज्या घरातून ती पळाली तेच घर तिने पुन्हा बांधलं आहे, आता बापाच्या जागी तो.

आता एक गोष्ट मुद्दाम ऐका. सुरुवातीला ती म्हणते, आपल्याला ठरवायला हवं, आज रात्री निघायचं की असंच जगून मरायचं. शेवटी ओळ तीच आहे, फक्त 'आपण'चा 'तू' झाला आहे. तुझी गाडी तुला इथून नेण्याइतकी वेगवान आहे का, तू ठरव. मराठीत तर हे जास्तच लागतं, कारण आपल्या 'आपण'मध्ये समोरचा माणूस धरलेलाच असतो. त्याला त्यातून बाहेर काढून ती दारात उभं करते. आवाज जराही चढवत नाही. हा बदल ऐकायला मला दोन वर्षं लागली.

(अमेरिकन कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सने २०२३ मध्ये हे गाणं गायलं तेव्हा दुकानात काम करणारी 'मुलगी' त्याने तशीच ठेवली, 'मुलगा' केली नाही. त्याबद्दल मला त्याचा आदर आहे. त्या गायनामुळे चॅपमनला त्या वर्षीचा सीएमएचा, म्हणजे कंट्री संगीतातला, सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. गाणं लिहिल्यावर पस्तीसेक वर्षांनी.)

तिसरं 'अक्रॉस द लाइन्स'. पुलाखालून, रुळांपलीकडे कोण जाणार, असं विचारत सुरू होतं. रुळांच्या एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. एका लहान मुलीवर हल्ला होतो, पेपरात बातमी येते, दुसऱ्या दिवशी दंगल. माझ्यासाठी हे गाणं जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलीपर्यंत अमेरिकेचं होतं. मग ते इथलं झालं. मुंबईतून कितीतरी मुस्लिम कुटुंबं त्यानंतर मुंब्र्याला राहायला आली. ठाण्याहून स्लो लोकल पकडली की मुंब्रा दुसरं स्टेशन, पण तिकडे कधीच न उतरलेली माणसं माझ्या नात्यात भरपूर आहेत. कोणाशी भांडण नाही, उतरायचं कधी मनातच येत नाही. 'लाइन' म्हणजे काय ते मला या गाण्याने दाखवलं.

आणि चौथं, 'बिहाइंड द वॉल'.

गिटारसुद्धा नाही. काहीच नाही. दोन मिनिटांपेक्षा लहान गाणं आहे आणि फक्त तिचा आवाज आहे. १९८८ म्हणजे सिंथेसायझर आणि घुमणाऱ्या ड्रम्सचा काळ. निर्माता डेव्हिड कर्शनबॉमने सगळा अल्बमच मोकळा ठेवला आहे, पण इथे तर एकही वाद्य नाही. काल रात्री भिंतीपलीकडून किंचाळ्या ऐकू आल्या, ती सांगते. पोलिसांना बोलावून उपयोग नाही, येतात ते उशिरा, आले तर. आणि आल्यावर म्हणतात, नवरा-बायकोच्या घरगुती भानगडीत आम्ही पडू शकत नाही. दोन ओळींमधली शांतता इतकी लांब आहे की आपण नकळत कान भिंतीला लावतो. मग किंचाळी, मग काहीच नाही, मग रस्त्यावर ॲम्ब्युलन्स. आणि पोलीस जमलेल्या लोकांना सांगतो, चला, घरी जा, झोपा.

आमच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये साडेचार इंचांची भिंत होती. पलीकडच्या काकूंचं भांडं पडलं तरी आम्हाला कळायचं. आठवड्यातून एक-दोन रात्री भांडी पडायची नाहीत, काकू पडायच्या. आई रेडिओ मोठा करायची. एका रात्री बाबा उठले आणि चौकीवर गेले. तासाभराने दोघे जण आले, काकांशी बाहेर गॅलरीत बोलले, आणि जाताना बाबांना म्हणाले, "घरगुती मामला आहे, तुम्ही कशाला पडता?" दार बंद झालं. त्यानंतर महिन्याभरात मी या गाण्यावर पोचले आणि 'डोमेस्टिक' हा शब्द डिक्शनरीत काढला. समोर छापलं होतं: घरगुती. मी कॅसेट बंद केली. क्लीव्हलंडच्या मुलीला आमच्या गॅलरीतलं वाक्य माहीत होतं.

नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाविरुद्धचं ४९८ अ हे कलम १९८३ पासून कायद्यात होतं, म्हणजे त्या रात्रीही होतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमानुसार कोणीही, म्हणजे शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होऊ शकत नाही. हे इथे लिहितेय कारण माझ्या ओळखीत शिकल्यासवरल्या लोकांनाही ते माहीत नाही. आता मी घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहते. भिंती जाड आहेत, पण बाथरूमच्या डक्टमधून सगळं ऐकू येतं. दोन वर्षांपूर्वी असंच ऐकू आलं तेव्हा मी खाली जाऊन बेल वाजवली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. दार उघडलं, मी पाणी येतंय का विचारलं आणि तिथेच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी ती लिफ्टमध्ये भेटली तेव्हा तिला महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर दिला.

या गाण्याची गोष्ट सांगणारी बाई पीडित नाही, शेजारीण आहे. म्हणजे ऐकणारी. आपणच. 'फास्ट कार'मध्ये आपण त्या घराच्या आत होतो. दोन गाण्यांनंतर तसंच घर आपल्याला भिंतीच्या अलीकडून ऐकायला लावलं आहे. शफलवर हे हातून जातं, आणि रीलमध्ये तर जाणारच.

मागच्या वर्षी आईला हे गाणं ऐकवलं. ती आता ७६ वर्षांची आहे, इंग्रजी येत नाही. एकेक ओळ थांबवून मराठीत सांगितली. तिने विचारलं, "मग ती बाई वाचली का?" गाण्यात ते नाही. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "नसेल वाचली. वाचली असती तर हिने गायलं असतं."

पाचवं 'बेबी कॅन आय होल्ड यू' सगळ्यांना माहीत आहे, लग्नाच्या व्हिडिओंतही ऐकलं आहे. ते भिंतीच्या गाण्याला चिकटून ऐका. सॉरी हा एक शब्द ज्याला वर्षानुवर्षं म्हणता येत नाही अशा माणसाबद्दल आहे. पहिली बाजू तिथे संपायची आणि मी कॅसेट लगेच उलटायची नाही.

दुसऱ्या बाजूला 'माउंटन्स ओ थिंग्ज'. कष्टकरी माणूस श्रीमंतीची स्वप्नं बघतोय, वस्तूंचे डोंगर. काही जण याला चंगळवादावरची टीका म्हणतात, मला ते पुरेसं वाटत नाही. ती स्वप्न बघणाऱ्याला झिडकारत नाही. तालवाद्यं अशी गुंगवणारी आहेत की स्वप्न आपल्यालाही हवंसं वाटतं.

सातवं 'शीज गॉट हर टिकेट', रेगेच्या ठेक्यावरचं. एक मुलगी तिकीट काढून उडून जाणार आहे. हे ऐकताना मला कायम खोपटचा एसटी स्टँड दिसतो. काकू १९९१ मध्ये एका पहाटे धाकट्याला घेऊन सांगलीच्या गाडीने गेल्या, परत आल्या नाहीत. मागच्या वर्षी ते भिंतीचं गाणं ऐकून झाल्यावर आई म्हणाली, तिकिटाचे पैसे मी दिले होते, किराण्यातले. मग पोळ्या करायला उठली. पस्तीस वर्षं हे घरात कोणाला माहीत नव्हतं. बाबांनाही नाही. ते गेले.

'व्हाय?' मला गाणं म्हणून कच्चं वाटतं, नुसती प्रश्नांची यादी. पण त्यात एक प्रश्न आहे: बाई आपल्याच घरात अजून सुरक्षित का नाही? चौथ्या गाण्याची शेजारीण इथे बोलली आहे, या वेळी मागे पूर्ण बँड घेऊन. 'फॉर माय लव्हर' प्रेमापायी तुरुंगात गेलेल्या माणसाचं, ते मला कधी फार लागलं नाही. 'इफ नॉट नाऊ' छान आहे, छोटं आहे.

अकरावं 'फॉर यू'. पुन्हा वाद्यं बाजूला, फक्त गिटार आणि ती. मनातलं सांगायला शब्द सापडत नाहीत असं म्हणणारं गाणं. ३६ मिनिटं इतक्या नेमक्या शब्दांत बोललेली बाई शेवटी असं म्हणते.

ऑफिसला जाताना ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून पनवेल गाडी पकडते तेव्हा कधीकधी पहिल्या गाण्यापासून लावते. खाडीच्या पुलावर रांगांची कुजबुज, दिघ्याच्या आसपास ती गाडी, ऐरोलीनंतर भिंत. लेडीज डब्यात समोर बसलेल्या बायकांचे चेहरे मी त्या दोन मिनिटांत बघत असते. शेवटचं गाणं संपतं आणि फोन आपोआप दुसऱ्याच कोणाचं तरी काही लावतो. तेवढं मी पटकन बंद करते, आणि माझं स्टेशन येईपर्यंत कानात काहीच नसतं.