उजळाईवाडीचं कुंपण आणि आपण

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या कुंपणाला आतून पत्रे मारा, रस्त्यावरून आतलं काही दिसताच कामा नये, अशी सूचना परवा एका बैठकीत एका जाणत्या माणसानं केली आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ती अजिबात पटली नाही. तिथं दोन वाक्यांत सांगून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

सुरक्षा नको असं कोण म्हणेल? डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आपलं विमान कंदहारला नेलं गेलं, ते दिवस माझ्या पिढीतला कुणी विसरलेला नाही. त्यानंतर २००० सालापासून देशातल्या विमानतळांवर सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, येऊ लागली आणि ते योग्यच झालं. प्रवासी विमानात चढणाऱ्या प्रत्येकाची बॅग तपासली पाहिजे, मग तो मुंबईत चढो नाहीतर कोल्हापुरात. माझं म्हणणं आहे ते छोट्या विमानांबद्दल आणि ती जिथून उडतात त्या छोट्या विमानतळांबद्दल. पेशंट न्यायला आलेलं विमान, कारखानदाराचं स्वतःचं विमान, शिकाऊ पोरापोरींची दोन-चार आसनी विमानं. आपल्याकडं उजळाईवाडी, पलीकडं कराड, तिकडं बारामती.

आधी धोका केवढा ते बघूया. शिकाऊ वैमानिकांचं नेहमीचं विमान म्हणजे सेस्ना १७२. रिकामं असताना त्याचं वजन साधारण आपल्या मारुती अल्टोएवढं भरतं आणि टाकीत बसतं दोनशे लिटरच्या आसपास इंधन. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर जी दोन बोइंग ७६७ विमानं आदळवली, त्यांच्या प्रत्येकाच्या पोटात त्या क्षणी अंदाजे ३८ हजार लिटर इंधन होतं. या दोन्हींना एकच नियम लावणं म्हणजे धोका मोजायचाच कंटाळा करणं.

त्या हल्ल्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी २००२ मध्ये, फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात पंधरा वर्षांच्या एका मुलानं सेस्ना १७२ नेऊन बँकेच्या उंच इमारतीवर आदळवलं. जीव गेला तो एकट्या त्या पोराचा. आणि तो कुंपणावरून उडी मारून आत शिरला नव्हता. तो तिथला विद्यार्थीच होता, उड्डाणाआधीची तपासणी करायला म्हणून विमानात बसला आणि परस्पर उडाला. भिंत कितीही उंच असती तरी काय उपयोग होता? उपयोग झाला असता तो किल्ली कुणाच्या हातात आहे हे बघण्याचा, आणि पोराचं काहीतरी बिनसलंय हे शिकवणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी लक्षात येण्याचा.

अमेरिकेनं नंतर जे केलं त्यातलं काही घेण्यासारखं आहे. २००४ मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्यानं छोट्या विमानतळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांची पद्धत मला फार आवडते. प्रत्येक विमानतळानं स्वतःला गुण द्यायचे: मोठं शहर किती जवळ, धावपट्टी किती लांब, मुक्कामी विमानं किती. गुण जास्त तर बंदोबस्त जास्त. माळावरच्या एकाकी धावपट्टीला विमान कुलूपबंद ठेवणं, दोरांनी बांधणं आणि आल्यागेल्याची नोंद ठेवणं एवढ्यावर भागतं. याउलट राजधानी वॉशिंग्टनच्या अगदी जवळच्या कॉलेज पार्कला नियम कडक आहेत. ते विमानतळ १९०९ पासून चालू आहे, राइट बंधूंपैकी विल्बरनं तिथं लष्करी अधिकाऱ्यांना उडायला शिकवलं. तिथल्या वैमानिकाला बोटांचे ठसे आणि पूर्वचारित्र्य तपासून सांकेतिक क्रमांक दिला जातो. तपासणी कडक आहे, पण विमानतळ बंद केलेलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण यापेक्षा बोलकं आहे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात एका अंतोनोव बनावटीच्या मालवाहू विमानातून शेकडो रायफली आणि लाखो काडतुसं खाली टाकली गेली. ते विमान कुठल्या ओसाड रानातून उडालं नव्हतं. वाराणसीच्या विमानतळावर रीतसर उतरून, इंधन भरून ते निघालं होतं. तिथं कुंपण होतं, पोलीस होते, कागदपत्रंही होती. आत काय भरलंय हे मात्र कुणी बघितलं नाही. पुढं त्याला मुंबईत उतरवलं, तेव्हा मुख्य सूत्रधार विमानतळावरूनच पसार झाला. हे सगळं मोठ्या, बंदोबस्ताच्या विमानतळांवर घडलं.

म्हणून मला वाटतं, छोट्या विमानतळाची खरी राखण ओळखीनं होते. एका संध्याकाळी मी कुंपणाबाहेरच्या रस्त्याला गाडी लावून हैदराबादच्या विमानाची वाट बघत उभा होतो. शेजारी दोन-तीन कुटुंबं होती, एक बाप पोराला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून थांबलेला, एक आजोबा वैरणीचा भारा सायकलला लावून. आतला गार्ड या सगळ्यांकडं एक नजर टाकून सरळ माझ्यासमोर आला. "काय पाव्हणं, कुठलं?" मी शाहूपुरीचा म्हटलं, कशाला थांबलोय ते सांगितलं. त्यानं मान हलवली, गाडीचा नंबर बघून घेतला आणि त्या पोराला म्हणाला, "आलं बघ, एटीआर हाय. पंखं मोज." एटीआर म्हणजे पंख्यांवर चालणारं छोटं प्रवासी विमान. मला त्या गार्डचा राग तर आला नाहीच, उलट बरं वाटलं. रोजची माणसं कोण आणि नवखा कोण हे त्याला पक्कं माहीत होतं. पत्रे मारले की ही नजर दोन्ही बाजूंनी बंद होते. आतल्याला बाहेरचं दिसत नाही, आणि आत काही वावगं चाललं तर वैरणीवाल्या आजोबांनाही दिसत नाही. अमेरिकेत छोट्या विमानतळांवर वैमानिकांनी आणि शेजाऱ्यांनीच लक्ष ठेवायचं आणि काही खटकलं तर ठरलेल्या नंबरवर फोन करायचा, अशी योजना आहे. आपल्या गावांना तर हे शिकवावंही लागणार नाही.

नियम बेतानं आखता येतो याचा दाखला ड्रोनच्या बाबतीत आपल्या सरकारनंच दिलाय. २०२१ च्या नियमांत विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा, म्हणजे ड्रोन उडवायला परवानगी लागते तो भाग, ४५ किलोमीटरवरून १२ वर आणला. ४५ किलोमीटर म्हणजे पन्हाळा आणि इचलकरंजीसुद्धा आत. आता कुंपणापासून ८ किलोमीटरपर्यंत जमिनीवरून उठवायलाही परवानगी हवी, ८ ते १२ मध्ये दोनशे फुटांच्या वर जायला हवी. विशेष म्हणजे हे नियम आले जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेल्यावर दोनच महिन्यांनी. भीतीपोटी सगळं बंद न करता जिथं धोका आहे तिथं घट्ट आणि बाकी ठिकाणी सैल, हे तेव्हा जमलं.

उजळाईवाडीचा हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये सुरू केला. त्याच्या वाढीसाठी भोवतालच्या गावांनी जमिनी दिल्यात. २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, तेव्हा ही धावपट्टी किती मोलाची आहे ते सगळ्या जिल्ह्याला कळलं. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या नातवंडांना विमान बघायला बंदी, हे मला सहन होण्यासारखं नाही. त्यातली दोन-चार पोरं वैमानिक व्हायची असतील तर सुरुवात तिथूनच होणार, जाळीला नाक लावून.

तेव्हा मागणी अशी. पत्र्यांऐवजी जाळीच ठेवावी, पण ती मजबूत आणि पूर्ण उजेडात. मुक्कामी प्रत्येक छोट्या विमानाला कुलूप, किल्ल्यांची रोजची नोंद, आणि खासगी विमानातल्या सामानाची तपासणी, मालक कितीही मोठा असला तरी. रस्त्याच्या बाजूला एक ओटा बांधून लोकांना थांबायला ठरलेली जागा करावी, तिथं मोठ्या अक्षरांत पोलिसांचा फोन नंबर. विमानतळ सल्लागार समितीत ज्यांची ऊठबस आहे त्यांनी पुढच्या बैठकीत हे मांडावं, आणि त्या बैठकीला भोवतालच्या गावांच्या सरपंचांनाही बोलवावं. पत्र मी लिहून ठेवलंय, सही करायची असेल त्यांनी खाली सांगा.