टीबीच्या गोळ्यांचं काय?

संबंधांनंतर घ्यायच्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीवरच्या लेखातलं ‘७२ तासांत कधीही घेतली तरी चालते’ हे वाक्य खटकलं. ही गोळी मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. ते आधीच पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. मग तिसऱ्या दिवसाची वाट कशाला बघायची?

मी मेडिकलच्या काउंटरवर असते. गोळी न्यायला बहुतेक वेळा नवराच येतो, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच खोकल्याच्या गोळ्या न्याहाळत उभा राहतो. मी विचारते, मिसेसना टीबीची किंवा फिटची औषधं चालू आहेत का? ‘त्याचा काय संबंध?’ संबंध आहे. टीबीवरचं रिफाम्पिसिन किंवा फिटवरची काही औषधं चालू असतील तर या गोळीतल्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलचा परिणाम कमी होतो. अशा वेळी संबंधांनंतर पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवून घेणं जास्त भरवशाचं, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात. टीबी आपल्याकडे घरोघरी, तरी लेखात याचा एक शब्द नाही! आणि हो, गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी लागते. नंतरच्या संबंधांना मात्र ती पुरत नाही. हे सांगितलं की बरेच जण निरोधचं पाकीटही मागतात.